चौकटीबाहेरचे काका

वडिलांच्या जन्मशताब्दीची चित्रफीत मीच करावयास घेतली. हाताशी छायाचित्र एकच, लक्ष्मीपुरीतील धान्याच्या दुकानासमोरचे. स्थिर चित्र संगणकावर हलते करण्याची रीत आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीची निघाली: आरंभीची व अखेरची स्थिती आपण नोंदवायची, मधल्या चौकटी, सेकंदाला पंचवीस, संगणक भरतो. मूळ चित्र मात्र मोठ्या मापात स्कॅन केलेले हवे. नाहीतर जवळ जाताच चेहरा फुटतो. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ हा मूकपट केला, १९२० साली. त्यापुढे माझे धाडस किरकोळच.

चौकट वडिलांच्या चेहऱ्याकडे सरकू लागली आणि शेजारचे थोरले काका हळूहळू बाहेर गेले. दुकानाच्या वाटणीनंतर दोन्ही घरांत क्षमावाणीची पत्रे जात. माणसे जात नसत.

आईने एवढेच विचारले, “त्यांना कुठं घालवलंस?”

मी क्रम उलटा केला. आरंभ काकांच्या हातापासून. तो वडिलांच्या खांद्यावर होता, हे मी इतक्या वर्षांत पाहिलेच नव्हते. आमंत्रणाचा फोन चुलतभावाला मीच केला. तो म्हणाला, “येतो. आमच्याकडं अजून दोन फोटो आहेत.”