पुन्हा सीटीसीला, रिकामा डबा घेऊन

मागच्या मे महिन्यात काचिगुड्याचं घर रिकामं करायला घेतलं. आई-बाबा आता आमच्याकडे कोंडापूरला राहणार होते. निर्णय खरं तर माझ्या सोयीचा होता, बाबांनी तो मान्य केला एवढंच. पितळी भांडी मोडीत गेली, शिसवी कपाट शेजारच्यांनी नेलं, बाबा काही बोलले नाहीत. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला हात लावला तेव्हा मात्र म्हणाले, "हा सीपीयू टाकू नकोस रे."

आमच्या घरात सीपीयू म्हणजे अख्खा डबा. मी बीई झाल्यापासून त्यांना सांगतोय की सीपीयू म्हणजे आतली चिप, बाहेरच्या डब्याला कॅबिनेट म्हणतात. काही उपयोग झालेला नाही. २००५ साली, मी इंटरच्या पहिल्या वर्षाला असताना, बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून तो आणला. दर खंडेनवमीला त्याच्यावर हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. समोरच्या काळ्या प्लास्टिकवर कुंकवाचा डाग कायमचाच बसलाय.

आतलं यंत्र दोन वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं. बाबांना पेपर वाचायला, पत्ते खेळायला मोठा पडदा लागतो, मोबाइल त्यांच्या डोळ्यांना जमत नाही. नवा लॅपटॉप घेऊन देणं सोपं होतं. पण मी पट्टी घेऊन डबा मोजत बसलो.

वीस वर्षांपूर्वीचं कॅबिनेट आज चालतं याचं कारण एटीएक्स नावाचं माप. इंटेलने ते १९९५ साली आणलं. पूर्ण मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर आणि स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी. त्यानंतर प्रोसेसर बदलले, रॅम बदलली, फ्लॉपी गेली, सीडी गेली, भोकं तिथेच राहिली. शिवाय आमच्या जुन्या पेंटियम ४ ची उष्णता ८४ वॅटच्या हिशेबाने धरलेली होती. मी घेणार होतो तो रायझन ५ ५६००जी ६५ वॅटचा. म्हणजे डब्याने याहून गरम दिवस काढलेत.

बाबा म्हणाले, मीपण येतो. सुलतान बाजारहून मेट्रो पकडली. स्टेशनच्या एक्स-रे यंत्रातून डबा गेला तेव्हा पडद्यावर नुसती चौकट दिसली. शिपायाने विचारलं, "अंदर कुछ नहीं?" बाबांनी अभिमानाने सांगितलं, "कुछ नहीं." परेड ग्राउंडला उतरून ऑटो केली. बाबांची नोकरी रेल निलयममध्ये झाली, त्यामुळे सिकंदराबाद म्हणजे त्यांचं दुसरं घर. राणीगंजला अमुक गल्लीत पत्रा कापणारे बसतात, हे त्यांनाच माहीत.

आधी तिथेच गेलो. डब्याला मागे फक्त ८० मिलिमीटरचा एक पंखा होता, आणि बाजूच्या झाकणावर पेंटियमच्या काळातलं ते प्लास्टिकचं नरसाळं. हैदराबादच्या मे महिन्याला एवढ्याने भागत नाही. नरसाळं काढलं आणि तिथलं भोक १२० मिलिमीटरच्या पंख्यासाठी मोठं करून घेतलं. कारागिराने दहा मिनिटांत काम केलं आणि बाबांनी भाव करण्यात वीस मिनिटं घालवली. तुम्ही कुणी असं करणार असाल तर डबा पूर्ण रिकामा असतानाच करा. लोखंडाचा एक बारीक कीस बोर्डावर राहिला तरी शॉर्ट होऊ शकतो.

मग जुन्या जेम्स स्ट्रीटवरून पार्क लेनला, सीटीसीत. बाबा प्रत्येक मजल्यावर ते २००५ चं दुकान शोधत होते. ते काही सापडलं नाही. दुसऱ्या एका दुकानातला मुलगा डबा बघून हसला. "ये डब्बा कायकू लाए अंकल? नवा लेलो, काच वाला, लाइटां वाला."

"नक्को," बाबा म्हणाले. (आपला 'नको' दखनीत जाऊन 'नक्को' झाला. बाबांचा दोन्ही भाषांत सारखाच ठाम असतो.)

मायक्रो एटीएक्स बोर्ड, रॅम आणि बोर्डावरच स्क्रूने बसणारी एम डॉट टू एसएसडी घेतली. एसएमपीएसही नवा घेतला. तिथे मी बाबांचं ऐकलं नाही. जुन्यात प्रोसेसरसाठी चार पिनांची वायर होती, नव्या बोर्डाला आठ पिना लागत होत्या, आणि वीस वर्षांच्या कपॅसिटरच्या भरवशावर नवा बोर्ड सोडणं हा शहाणपणा नव्हे. पैशांचं म्हणाल तर कॅबिनेटचे तीन-चार हजार वाचले, त्यातले काही पत्रेवाल्याकडे आणि ऑटोत गेले. बचत म्हणून हा उद्योग कुणी करू नये.

जोडणी कोंडापूरला, जेवणाच्या टेबलावर झाली. जुन्या मोठ्या बोर्डाचे पितळी स्टँडऑफ डब्यात तसेच होते. बोर्ड ठेवून बघितला तर खालच्या रांगेतल्या तीन जागी नव्या बोर्डाला भोकंच नव्हती. ते तीन काढले. राहिले असते तर बोर्डाच्या पाठीला टेकून पहिल्याच दिवशी सगळं बसलं असतं. समोरची यूएसबीची दोन भोकं मात्र नव्या बोर्डाला निमूट जोडली गेली. पॉवरच्या दिव्याचा प्लग तीन पिनांचा निघाला, जागा दोनची. सुईने एक वायर सरकवून तोही बसवला. बाबा स्क्रू एका वाटीत गोळा करत होते आणि मधूनमधून मोजत होते.

बटण त्यांनीच दाबलं. पंखे फिरले, काही सेकंदांत पडद्यावर चित्र आलं. आईने टाळी वाजवली. बाबा अजून खाली डब्याकडेच बघत होते.

"हिरवा दिवा लागला नाही."

मी दोन वायरी उलट जोडल्या होत्या. दिव्यावाचून काही अडत नाही, उद्या बदलतो, असं म्हटलं. बाबांनी स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "आत्ताच बदल."