तलावाची पाळ

बोअरची मोटर वर काढली, तर शेवटचे पाइप तेवढे ओले. वरच्यांवर पांढरट, कोरडी पुटं.

संध्याकाळी मोहाडीबाहेरच्या मामा तलावाच्या पाळीवर बसून राहिलो. मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव; भंडाऱ्यात ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. १९५१ च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले. गाळ काढणं मागे पडलं, ते पडलंच. आता काठाला बेशरमाची झुडपं माजलीत.

उन्हाळी धानाला आम्ही जमिनीखालचं पाणी उपसतो. वरचं साठवायला मात्र कुणाला सवड नाही. वैनगंगेच्या जिल्ह्यात मे महिन्यात घागरींची रांग लागावी, हे मनाला लागतं. मुलाला या तलावात पोहायला शिकवायचं होतं. ग्रामसभेत गाळाचा विषय काढणार आहे.