पेपे आणि क्लोद

दुसऱ्या महायुद्धावरच्या बहुतेक चित्रपटांत एक मोठी सोय असते. सज्जन कोण आणि दुर्जन कोण हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं आणि आपण निर्धास्त होतो, कारण आपण अर्थातच सज्जनांच्या बाजूचे! 'ल व्हिएय ओम ए लाँफाँ', म्हणजे 'म्हातारा आणि मूल', हा १९६७चा फ्रेंच चित्रपट मात्र ही सोय ठेवत नाही. इंग्रजीत तो 'द टू ऑफ अस' या नावाने ओळखला जातो. कृष्णधवल, संथ आणि बऱ्यापैकी विनोदी. हो, विनोदी.

मी कामानिमित्त ग्रनोब्लमध्ये राहतो आणि चित्रपट याच भागातल्या एका खेड्यात घडतो, एवढ्याच कारणासाठी मी तो ग्रंथालयातून उचलला होता. रोज कामावर जाताना दिसणारे डोंगर पडद्यावर पाहू, असा साधा विचार. डोंगर राहिले बाजूला, तो म्हातारा डोक्यातून जाईना.

गोष्ट अशी. जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस. क्लोद लांगमान हा आठ-नऊ वर्षांचा ज्यू मुलगा. अंगात मस्ती भरपूर. एकदा दुकानातून खेळण्यातला रणगाडा उचलतो आणि पकडला जातो. एरवी दोन थपडांवर मिटलं असतं, पण ज्या घराने कुणाच्या नजरेत यायचं नाही त्या घरात मुलाचा खोडकरपणासुद्धा जिवावर बेतू शकतो. बापाचा संताप हा खरं तर भीतीचाच असतो. शेवटी आईवडील त्याला ओळखीच्या कॅथलिक कुटुंबातल्या वृद्ध जोडप्याकडे खेड्यात पाठवतात. जाण्याआधी त्याच्याकडून ख्रिस्ती प्रार्थना घोकून घेतात. आडनाव लांगमान नाही, लाँगे. आणि आंघोळ करताना कुणालाही पाहू द्यायचं नाही. सुंता झालेली दिसली की संपलंच सगळं.

ज्याच्याकडे तो जातो तो पेपे, म्हणजे आजोबा, पहिल्या महायुद्धात लढलेला. व्हर्दांच्या लढाईतला सेनापती मार्शल पेतां हे त्याचं दैवत. त्याच्या मते फ्रान्सचे शत्रू चार : इंग्रज, ज्यू, फ्रीमेसन आणि बोल्शेविक. ज्यू कसा ओळखायचा याचं शास्त्रशुद्ध ज्ञानही त्याच्याकडे आहे. नाक मोठं, कान मोठे, आणि अंगाला वास. हे सगळं तो सांगतो कुणाला, तर मांडीवरच्या क्लोदला!

आणि हाच पेपे चक्क शाकाहारी आहे. फ्रान्सच्या खेड्यात, ऐन युद्धात! इथे अजूनही कुणाकडे जेवायला गेलो आणि मांस खात नाही म्हटलं की यजमानांचा चेहरा काळजीने भरून येतो, त्यामुळे मला या म्हाताऱ्याबद्दल फारच आपुलकी वाटली. बायको पाळलेले ससे शिजवते, हा त्यांना शिवत नाही. किनू नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला टेबलाशी बसवून चमच्याने भरवतो. क्लोदवर तर जीवच टाकतो. मिशेल सिमों या नटाने पेपे असा उभा केला आहे की त्याला रागवायचं म्हटलं तरी जमत नाही. १९६७च्या बर्लिन महोत्सवात या भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं.

मुलगा आधी घाबरतो, पण मग त्याला कळतं की आजोबांची फिरकी घेता येते. आरशात स्वतःचं नाक न्याहाळतो, आपणच ज्यू असू अशी भीती वाटते म्हणतो. पेपे त्याची समजूत घालतो. मग क्लोद पेपेच्या नाकाकडे बोट दाखवतो. सिमोंचं नाक म्हणजे काय वर्णावं! पेपेच्या नियमाने पाहिलं तर त्या घरातला पहिला ज्यू पेपेच. मी पोट धरून हसलो. जरा वेळाने लक्षात आलं की त्या खोलीत खेळ खेळणारा एकटा मुलगाच आहे. पेपेला आपण खेळात आहोत हेच ठाऊक नाही.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. ज्यूंना नोकऱ्यांतून आणि सार्वजनिक जीवनातून हाकलणारा ऑक्टोबर १९४०चा कायदा पेतांच्याच विशी सरकारने केला. १६ आणि १७ जुलै १९४२ला पॅरिसमध्ये सुमारे तेरा हजार ज्यूंची धरपकड झाली, त्यात चार हजारांहून अधिक मुलं होती, आणि पकडणारे होते फ्रेंच पोलीस. ग्रनोब्लचा परिसर सप्टेंबर १९४३पर्यंत इटालियनांच्या ताब्यात असल्याने त्यातल्या त्यात सुरक्षित होता. मग इथेही जर्मन आले. इथून फार लांब नसलेल्या इझिय गावात ज्यू मुलांना ठेवलेलं एक घर होतं. ६ एप्रिल १९४४ला ल्यांहून क्लाउस बार्बीच्या गेस्टापोची माणसं आली आणि ४४ मुलांना घेऊन गेली. त्यातलं एकही परत आलं नाही. तिथे आता स्मारक आहे.

म्हणजे पेपे ज्या माणसाची तसबीर पुजतो, त्याच्याच राजवटीने क्लोदसारख्या मुलांना पकडून दिलं. एक ज्यू मूल पेपेच्या घरात वाचतं, कारण तो प्रेमळ आहे. पण त्या मुलाला नाव लपवावं लागतं, कारण पेपेसारखी प्रेमळ माणसं गावोगाव मार्शलचा जयजयकार करत होती. दोन्ही खरं आहे. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे पेपेचं प्रेम लाँगेवर आहे. लांगमानवर ते असतं का? मुलगा विचारू शकत नाही. चित्रपटात हे गुपित कुणी पेपेसमोर फोडतही नाही.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. ग्रनोब्लचे अक्रोड प्रसिद्ध आहेत, आणि दर शरदात स्वतःच्या झाडांच्या अक्रोडांची पिशवी ते माझ्या दाराला अडकवतात. मी आजारी होतो तेव्हा सूप घेऊन आले, भाज्यांचं, आठवणीने. बाहेरून आलेल्या लोकांनी देशाची कशी वाट लावली हेही ते तितक्याच जिव्हाळ्याने सांगतात. एकदा मी म्हटलं, "पण मीही बाहेरूनच आलोय की!" ते मनापासून हसले आणि म्हणाले, "छे, तुमची गोष्ट वेगळी."

हे वाक्य मला नवीन नव्हतं. "त्यांच्यातला असूनही किती नीटनेटका आहे नाही!" हे आपल्याकडे जातीवरून, धर्मावरून किती प्रेमाने म्हटलं जातं! लहानपणी मी ते ऐकायचो तेव्हा आम्ही बोलणाऱ्यांच्या बाजूला होतो. आता ज्याच्याविषयी बोलतात त्याच्या जागी बसून ऐकतो, एवढाच फरक. समोरचा माणूस चांगला निघाला की त्याला अपवाद ठरवायचं, आणि नियम तसाच शाबूत ठेवायचा. अक्रोड गोडच असतात. पण ते मिळतात अपवादाला.

माझ्यात आणि क्लोदमध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे हे मला कळतं. मी "मीही त्यातलाच" असं मोठ्याने म्हणू शकतो आणि त्याने काही बिघडत नाही, फार तर समोरचा हसतो. त्या मुलाला ते म्हणण्याची मुभा नव्हती. म्हणून मला वाटतं, ज्याला म्हणता येतं त्याने ते म्हणत राहावं. भांडून नव्हे, अक्रोड खाता खाताच. नियमाला धक्का बसलाच तर तो अशानेच बसेल.

दिग्दर्शक क्लोद बेरीचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि गोष्ट त्याच्या स्वतःच्या बालपणावर बेतलेली. गंमत म्हणजे त्यातही तो सूड उगवत नाही. म्हाताऱ्याला खलनायक करत नाही आणि शेवटी त्याचं हृदयपरिवर्तन घडवून आपल्याला खूशही करत नाही. आईवडील न्यायला येतात, मुलगा जातो, म्हातारा मागे उरतो. बेरी २००९ साली वारला. हे त्याने व्यवसायासाठी घेतलेलं नाव, जन्मनाव क्लोद लांगमान. पडद्यावरच्या मुलाला त्याने हेच खरं आडनाव दिलं. जे पेपेला सांगता आलं नाही ते तेवीस वर्षांनी त्याने थिएटरात बसलेल्या सगळ्यांना सांगून टाकलं.

कुठे मिळाला तर जरूर पाहा.