कसाला लागलेली श्रद्धा

सोमेश्वरनगराहून मोरगाव, सुपे, चौफुला असे केडगावास जाऊ लागले म्हणजे कालव्याच्या उसाची हिरवळ मागे पडते व कोरडे माळ लागतात. १८७५ साली सावकारांच्या वह्या जळाल्या, ते सुपे याच वाटेवरचे. या माळांवरून जाताना आम्हांस आमच्या आजीचे बोलणे हटकून आठवते. केडगावच्या मुक्तिसदनाचे नाव निघाले की, “भाकरीसाठी बाटली ती सारी!” असा तिचा निकाल असे.

तो निकाल आम्हीही पुष्कळ वर्षे निमूटपणे मानला. आईच्या अखेरच्या दुखण्यात एक ख्रिस्ती बाई शुश्रूषेस येत असे. तिचे पाण्याचे भांडे निराळे असे आणि ते निराळे ठेवण्याचे काम आमच्याकडे होते. रात्री ती डोळे मिटून पुटपुटू लागली की आम्हांस हसू येई.

पुढे पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचनात आले आणि आजीचा हिशेब चुकू लागला. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या कन्येने आईबाप व वडील बहीण दुष्काळात गमावली. भाकरीसाठीच धर्म सोडावयाचा, तर ती वेळ तेव्हाची होती. तेव्हा तिने तो सोडला नाही. बाप्तिस्मा घेतला तो १८८३ साली, विलायतेत, वाँटेजच्या मठात. आणि ज्यांचे अन्न खात होती त्याच भगिनींशी ती धर्मतत्त्वांवरून वाद घालीत राहिली. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमची संस्कृत काय वाईट, असे विचारणारी ही शिष्या! आश्रयदात्यांना असे प्रश्न मिंधा मनुष्य विचारीत नाही.

स्वदेशी परतल्यावर १८८९ साली तिने मुंबईत शारदासदन काढले. ते पुढे पुण्यास आले. बाईंच्या प्रार्थनेस मुली बसतात यावरून १८९३ साली वादळ उठले. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे ठरले होते. तेव्हा सल्लागारांची तक्रार अगदीच निराधार होती, असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु प्रार्थनेचे दार लावून घेतले असते तर सारे निभावले असते, आणि तेवढे मात्र तिने केले नाही.

आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते ती तिची स्वतःचीच कबुली. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी तिला उमगले की, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलाच नव्हता. लोकनिंदा सोसणे एक वेळ सोपे. स्वतःचीच श्रद्धा पुन्हा कसास लावून ती उणी निघाली असे लिहून ठेवणे कठीण. आम्ही जन्मभर देवापुढे नैवेद्य ठेवीत आलो. असा प्रश्न स्वतःस एकदाही केला नाही.

१८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो मुली तिने केडगावास आणल्या. मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत उतरविण्याचे काम म्हातारपणीही चालूच होते; खिळे जुळविणाऱ्या तिच्याच मुली. १९२१ च्या जुलैत एकुलती मनोरमा गेली. तरी भाषांतर सुटले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई वारल्या.

हे सारे आम्ही वाचले तोवर आई जाऊन बरीच वर्षे लोटली होती. त्या शेवटच्या रात्री तिने पाणी मागितले. आजीचा डोळा लागला होता. त्या बाईने आपल्याच भांड्यातले पाणी तिला चमच्याने पाजले आणि हळूच आमच्याकडे पाहिले. आम्ही जागे होतो. आम्ही काही बोललो नाही. सकाळी ते भांडे आम्ही नेहमीच्या जागी, निराळेच ठेवले.