ज्याचे सुतक नसते

घरातील माणूस निवर्तला म्हणजे पुढे काय करावयाचे, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. नाते जितके जवळचे तितके सुतक मोठे. कोठे दहा दिवस, कोठे तीन, कोठे केवळ स्नानाने शुद्धी. दुःख किती झाले हे शास्त्र विचारीत नाही. पण दुःखिताने कसे वागावे, देवळात पुन्हा केव्हा पाऊल टाकावे, हे ते सांगते, आणि त्या सांगण्याचा मनाला मोठा आधार असतो. सुतकाच्या कोष्टकात ज्याच्या मरणाला जागाच नाही, त्याच्यासाठी झुरणाऱ्यास मात्र हा आधार मिळत नाही. २०२४ सालच्या कार्तिकात आमचा काळू गेला तेव्हा याची प्रचीती आम्हांस आली. काळू म्हणजे आमच्या घरचा कुत्रा.

त्याला आम्ही आणले असे म्हणण्यापेक्षा तो आला असे म्हणणे अधिक खरे. २०११ च्या श्रावणात फोंड्याकडील एका देवळात आम्ही सहकुटुंब अभिषेकास गेलो होतो. पाऊस कोसळत होता. अग्रशाळेच्या ओसरीवर एक काळे पिल्लू मागचा पाय ओढीत, भिंतीच्या कडेकडेने आले आणि आमच्या पाच वर्षांच्या कन्येच्या छत्रीखाली निजले. कोणा वाहनाची ठोकर त्यास लागली असावी. पशुवैद्यांनी पाय वाचविला, लंगडेपणा राहिला. आमची आई सोवळ्याची. 'उंबरठ्याच्या आत नाही' या अटीवर तिने त्यास मुभा दिली. ती अट पुढे तेरा वर्षे कोणी रद्द केली नाही. आम्ही सर्वांनी ती मोडण्याचा मोह त्यास पुष्कळदा घातला, पण पुढचे दोन्ही पंजे उंबरठ्यावर टेकून तो तेथेच थांबे.

मनुस्मृतीत गृहस्थाने कुत्रा, कावळा इत्यादिकांसाठी भूमीवर अन्न ठेवावे असे सांगितले आहे. आमच्या घरचा वैश्वदेव वडिलांबरोबर गेला, पण घास काढण्याचा परिपाठ आईने चालू ठेवला होता. नैवेद्य झाला की काळूचा भाग ओसरीवर जाई. तो वाढताना ती त्यास शिवत नसे, आणि तो वाढल्याखेरीज स्वतः जेवतही नसे.

काळूचा दिवस ओसरीवरच जाई. वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटणीसाठी आलेले दोन भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले, तर हा नेमका दोघांच्या मध्ये जाऊन पडे, आणि एकमेकांशी चकार शब्द न बोलणारे ते दोघे आळीपाळीने त्यालाच थोपटीत. सायंकाळी जवळच्या देवळात आरतीचा शंख झाला की तोंड वर करून तो लांब हेल काढी. शेजारपाजारचे त्यावर घड्याळ लावीत, असे आम्ही थट्टेने म्हणत असू.

महाभारताच्या आरंभी आणि शेवटी कुत्रा आहे, याकडे आमचे लक्ष काळूमुळेच गेले. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमा नामक कुत्रीचे पोर येते, आणि राजाचे भाऊ त्याला झोडपतात. आपण हवीकडे पाहिलेही नाही, तो चाटलाही नाही, असे ते रडत आईस सांगते. सरमा थेट सत्रात जाऊन जाब विचारते: अपराध नसता का मारले? तिला कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ध्यानीमनी नसता तुमच्यावर भय येईल, असा शाप ती देते. आणि तो एवढा मोठा राजा त्या शापाने अस्वस्थ होऊन योग्य पुरोहित शोधीत हिंडतो. पुढे सतराव्या, महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडल्यावर युधिष्ठिराच्या मागे एक कुत्राच उरतो.

तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, हे कीर्तनात ऐकताना आपण माना डोलवितो. परंतु युधिष्ठिरास ते ठाऊक नव्हते, आणि सारे मोल त्यातच आहे. त्याच्या समोर होते ते हस्तिनापुराहून न बोलाविता मागे आलेले एक जनावर. त्यास त्याने कोणतेही वचन दिले नव्हते. नियमही इंद्राच्याच बाजूचा होता. कुत्रे बाळगणाऱ्यांस स्वर्गात स्थान नाही. तथापि जो भक्तीने आपल्यामागे आला त्याला टाकणे हे महापातक, या एकाच मुद्द्यावर धर्मराज अडून बसला.

आमच्या व्यवसायातील पुस्तकांत कुत्रा ही जंगम मिळकत. १८६० च्या दंड विधानातील ४२८ वे कलम दहा रुपये वा त्याहून अधिक किमतीचे जनावर मारण्याबद्दल शिक्षा सांगे. हत्ती, घोडा, गाय, बैल यांना पुढच्या कलमात किमतीची अट नव्हती. गावठी कुत्र्यास ती होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या ३२५ व्या कलमातून ही अट निघाली. ते कलम आम्ही ओसरीवर काळूला वाचून दाखविले. त्याने जांभई दिली. १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी अनुकंपा हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले, हेही चांगलेच झाले. पण जो आपल्या भरवशावर आला त्याचे ऋण कोणत्याही कलमावाचून लागू होते, हे आम्हांस त्या जांभई देणाऱ्याने शिकविले.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता तो पाणी फार पिऊ लागला आणि अन्न टाकू लागला. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे दिसले. त्यांचा गेलेला भाग पुन्हा भरून येत नाही. सलाईनने काही दिवस उतार पडतो इतकेच. पाच आठवडे घरातील सर्व जण आळीपाळीने बाटली धरून बसलो. अखेरीस पशुवैद्य म्हणाले, आता आपण त्याची वेदना तेवढी लांबवीत आहोत. इंजेक्शन देऊन शांतपणे निजविता येईल.

जो प्राण आपण दिला नाही तो घ्यावा कसा, हा प्रश्न देवळाच्या सावलीत वाढलेल्या घरात उभा राहिल्यावाचून राहत नाही. आम्ही आजवर पुष्कळांच्या वतीने बोललो, पण त्या प्रत्येकाने वकीलपत्रावर सही केलेली होती. काळूने आम्हांस वकीलपत्र दिले नव्हते. कन्या पुण्याहून रात्रीच्या बसने आली. दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. तिसऱ्या सकाळी आई सोवळ्यातच ओसरीवर आली, काळूजवळ जमिनीवर बसली आणि त्याच्या मस्तकावर हात ठेवून म्हणाली, "जाय तें करात, पूण ताका एकलो सोडूं नाका." तेरा वर्षांत तिने त्यास शिवल्याचे आम्ही पाहिले नव्हते.

आम्ही होकार दिला. इंजेक्शन दिले तेव्हा आम्ही चौघेही त्याच्याभोवती होतो. हा निवाडा बरोबर की चूक, याचे अपील ऐकणारे न्यायालय आम्हांस ठाऊक नाही. तो एकटा नव्हता, एवढे मात्र आम्ही शपथेवर सांगू शकतो.

परसातील फणसाखाली खोल खड्डा खणून, मीठ घालून त्यास ठेवले. भटजींना विचारले, "सुतक नाही, स्नान करा," असे ते म्हणाले. सायंकाळी शंख झाला आणि ओसरीवरून उत्तर आले नाही.

पुढे कित्येकांनी विचारले, "कुत्र्यासाठी इतके?" विचारणारे वाईट नव्हते, दुःखालाही नात्याचा दाखला लागतो, अशी आपणां सर्वांची समजूत असते. परंतु तेरा वर्षे ज्याने आमच्या येण्याची वाट पाहिली आणि आमची सनद कधी पाहिली नाही, त्याच्यासाठी दाखला कोणाकडून आणावा? वाचकांपैकी कोणाच्या शेजारी असे कोणी मूकपणे झुरत असेल, तर तो प्रश्न न विचारता त्याच्याजवळ घटकाभर बसावे, एवढीच विनंती.

आईने दुसऱ्या दिवशी नैवेद्यानंतर घास नेहमीप्रमाणेच काढला. ओसरीवर क्षणभर थांबून ती तो घेऊन फाटकाबाहेर गेली. तेथे आता तीन कुत्री नेमाने येतात. त्यांना रेबीजची लस टोचून घेण्याचे काम आमच्याकडे आले आहे. शास्त्राने कुत्र्याचे सुतक सांगितलेले नाही, घास मात्र सांगितला आहे. सुतक दहा दिवसांत फिटते. घास रोजचा असतो.