सशाचा वाटा

सशावर लिहितोय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘तुमच्यात ससा चालतो का?’ उत्तर देऊन टाकतो. सुन्नींच्या चारही मजहबांत ससा हलाल आहे, शियांच्या जाफरी फिकहमध्ये नाही. आणि आपल्या रानातला ससा कोणालाच चालत नाही, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला मारणं आणि घरी धरून ठेवणं, दोन्ही गुन्हे आहेत. मला आज उलटा प्रश्न घ्यायचा आहे. ससा काय खातो?

आमच्या भंडारा जिल्ह्यात ससे दोन प्रकारचे भेटतात. एक रानातला, तपकिरी, मानेवर काळा डाग असलेला. तो बीळ खणत नाही, गवतात अंगापुरती जागा दाबून बसतो. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. दुसरा बाजारातल्या पिंजऱ्यातला, पांढरा किंवा ठिपक्यांचा. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. त्याची पिल्लं उघडी आणि मिटल्या डोळ्यांची. दोघांनाही आपण ससाच म्हणतो. दोघांचं पोट मात्र सारखंच आहे: गवताचं.

रानातला ससा पावसाळ्यात मुख्यतः गवत खातो. धुऱ्यावरची हरळी त्याला पुरते. गवत वाळलं की रुंद पानांच्या वनस्पती, कोवळे कोंब, डहाळ्या. कोका अभयारण्याच्या बाजूच्या गावांत धान निघाल्यावर बांधीत लाखोरी आणि हरभरा उगवतो, तेव्हा रात्री हा पाहुणा येऊन शेंडे खुडून जातो. अब्बू सकाळी लेंड्या बघून कुरकुरायचे. मग स्वतःच म्हणायचे, ‘जाऊ दे, सदका झाला.’ ते मनाचं बोलत नव्हते. माणसाने पेरलेल्यातून पाखराने, माणसाने किंवा जनावराने खाल्लं तर पेरणाऱ्याच्या नावावर सदका लिहिला जातो, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. रानातल्या सशाला आपण काही देत नाही. तो आपला वाटा स्वतः घेतो आणि काय खायचं हे त्याला बरोबर कळतं.

पिंजऱ्यातल्या सशाचं तसं नाही. त्याच्यापुढे आपण ठेवू तेच त्याचं रान.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने ईदीच्या पैशातून पांढऱ्या सशांची जोडी आणली. विकणाऱ्याने सांगितलं, ‘काहीही खातात.’ घराने ते मनावर घेतलं. कोणी बिस्कीट देई, कोणी पोळी, कोणी ताटातला भात, वर गाजर. एका सकाळी त्यातला एक कोपऱ्यात पोट आवळून बसला, गाजरालाही तोंड लावेना. लेंड्या बंद झाल्या होत्या. संध्याकाळी डॉक्टरकडे नेईपर्यंत उशीर झाला. रात्री भाचीने फोनवर विचारलं, ‘मामू, आम्ही तर त्याला रोज पोटभर दिलं. मग तो कशाने मेला?’

तिच्या प्रश्नाचं उत्तर सशाच्या शरीरात आहे. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, समोरचे तर वर्षाला दहा सेंटिमीटरच्या आसपास. चिवट गवत तासन् तास चावूनच ते झिजतात. भात, बिस्किटाने झिजत नाहीत. वाढतात, तोंडात टोचतात आणि खाणं सुटतं. त्याच्या आतड्यात अन्न आंबवणारी एक मोठी पिशवी असते. तिथे तयार झालेल्या मऊ गोळ्या तो मागून थेट तोंडात घेऊन पुन्हा गिळतो. बघणाऱ्याला किळस येते, पण त्यातूनच त्याला प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मिळतात. हे सगळं चालतं ते गवताच्या चोथ्यावर. पीठ आणि साखर गेली की पोटात वायू धरतो, आतडं थांबतं. सशाला उलटी करता येत नाही. त्यामुळे अर्धा दिवस ससा खात नसेल, तर उद्या बघू म्हणायचं नाही.

मागे राहिलेल्या सशासाठी डॉक्टरांनी जे सांगितलं, ते सगळ्यांच्या कामाचं आहे. मोठा भाग गवताचा, हिरवं किंवा वाळवलेलं, चोवीस तास समोर. तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरचं नको. तणस अंथरायला चांगली, पण नुसत्या तणसावर ससा पोसत नाही. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला रोज दिली तर कॅल्शियम जास्त होतं आणि लघवीत खडे धरतात. रोज मूठभर पाला: सांबार, मुळ्याची पानं, गाजराचा पाला. गाजर स्वतः गोड, म्हणून चकतीएवढंच, कधीतरी. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट अजिबात नाही. पाणी जड, पसरट भांड्यात, आणि मे महिन्यात पिंजरा सावलीतल्या गार जागी. आपल्याकडचा उन्हाळा त्याला भुकेइतकाच मारतो.

एक गोष्ट रानातल्या पिल्लांची. धानकापणीत गवतात एकटं पिल्लू सापडतं आणि मुलं ते अनाथ समजून घरी आणतात, गाईचं दूध पाजतात. सशी पिल्लाजवळ बसून राहत नाही. वास काढत शिकारी येऊ नये म्हणून दूर राहते आणि अंधारात येऊन पाजून जाते. पिल्लू धडधाकट असेल तर त्याच जागी किंवा जवळच्या धुऱ्यावर ठेवा. जखमी असेल तर वन विभागाचा 1926 क्रमांक आहे.

मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणी मदरशात ऐकलेली असते. तिने मांजराला खायलाही दिलं नाही आणि जमिनीवरचे किडे खायला मोकळंही सोडलं नाही, म्हणून ती आगीत गेली. पांढऱ्या सशाला मोकळं सोडणं हा उपाय नाही, रानात तो दोन दिवस टिकणार नाही. म्हणजे उरतं ते त्याचं खरं अन्न देणं. तेव्हा येत्या ईदला मुलांनी सशाचा हट्ट धरला, तर किंमत विचारण्याआधी एवढं बघा की एप्रिल-मेमध्ये, बांध्या करपलेल्या असताना, रोजचं गवत कुठून आणणार.