मे महिन्यातला दुसरा रविवार

मे महिन्यातला दुसरा रविवार आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक यांचं काहीतरी जुनं साटंलोटं असावं. कल्याणच्या आमच्या मराठी मंडळीत मातृदिनाची उपासना कधी वेळेवर सुरू झाल्याचं मला आठवत नाही. डोंबिवलीच्या आत्या ठाकुर्लीपाशी थांबलेल्या गाडीतून फोन करतात, "पहिलं गीत जरा लांबवा गं." ठाण्याहून येणारं कुटुंब दारात उभं राहून मुंब्र्याच्या खाडीचा वारा खात असतं. इकडे पाळकसाहेब घड्याळाकडे आणि पाळकीणबाई पाळकसाहेबांकडे बघत असतात. लग्नसराई, सुट्ट्या, अर्धी मंडळी नगर-जालन्याकडे गेलेली, त्यामुळे एरवी मे महिन्यात बाकं ओस पडतात. या एका रविवारी मात्र शाळेचा भाड्याचा हॉल भरतो. फळ्यावरची वार्षिक परीक्षेची बैठकव्यवस्था अजून कोणी पुसलेली नसते. तिच्याखालीच तरुण संघाच्या पोरांनी रंगीत खडूने फुलं काढलेली असतात.

खरी फुलं पायरीशी, बादलीत. बाजार समितीच्या फुलबाजारातून पहाटेच आणलेले गुलाब, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले. त्यांच्याकडे आम्हा सगळ्यांचं लक्ष असतं, आणि नसल्यासारखं आम्ही दाखवतो.

त्या दिवशी उपासना बायकांच्या हाती असते. शास्त्रवाचन त्यांचं, प्रार्थना त्यांची, अर्पणाच्या थैल्या फिरवणाऱ्याही त्याच. पुरुष मागच्या खोलीत चहा आणि पोहे करतात, आणि तिथून मधूनच पातेलं पडल्याचा आवाज येतो. पेटीवर निवृत्त मुख्याध्यापिका बसतात. त्यांचा सूर वयाबरोबर थोडा घसरलाय, पण ठेका अजून असा की तबल्यावरच्या पोराला घाम फुटावा.

भजनं बहुतेक रेव्हरंड टिळकांची. नारायण वामन टिळक जन्मले १८६१ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात, पण त्यांचं प्राथमिक शिक्षण झालं ते आमच्या कल्याणात, १८६९ ते १८७३. हे आमच्या मंडळीतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मीही त्यातलाच. ज्यांनी टिळकांचं एकही भजन ऐकलेलं नाही, अशा लाखो मराठी माणसांनी शाळेत त्यांची 'केवढे हे क्रौर्य!' पाठ केलेली असते. पारध्याचा बाण लागलेली पक्षीण चोचीतला घास घेऊन, पडत-उठत पिलांपर्यंत पोहोचते, ती कविता. आईच्या प्रीतीवर मराठीत ढिगानं लिहिलं गेलंय, आणि त्यातलं बरंचसं गुळचट आहे. ही कविता तशी नाही, कारण तिच्यात आई पिलांना गोंजारत बसत नाही, तिला वेळच नाही. घास पोहोचवायचा आहे आणि आयुष्य संपत आलंय.

आमच्या मंडळीतल्या आया त्याच जातीच्या. अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला आलं १८३१ मध्ये. मिरजेला वानलेस डॉक्टरांचं इस्पितळ उभं राहिलं १८९४ मध्ये. अशा ठिकाणी खेड्यापाड्यांतल्या मुली परिचारिका झाल्या, मास्तरणी झाल्या. त्यांच्या लेकी-नाती पुढे मुंबईच्या इस्पितळांत लागल्या आणि घर परवडेल तिथे, म्हणजे कल्याण, डोंबिवली, अंबरनाथकडे सरकत आल्या. आमच्याकडे आजही अर्ध्या म्हाताऱ्यांना 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतात. रात्रपाळी करून ही बाई सकाळच्या गाडीने उलटी घरी यायची. लोंढा मुंबईकडे चाललेला, ही रिकाम्या डब्यात खिडकीला डोकं टेकून झोपलेली. डोळा लागला तर थेट कर्जत. तिच्या पोरांना शेजारची मावशी न्हाऊ घालायची, समोरची आजी जेवू घालायची, आणि वरच्या मजल्यावरची, जिला मूलबाळ झालं नाही ती काकू, पाढे म्हणून घ्यायची. आमच्या पिढीतल्या कित्येकांच्या दाखल्यावर आईचं नाव एक असलं तरी त्यांना वाढवणाऱ्या बाया चार-पाच निघतील.

म्हणून उपासनेतल्या एका क्षणाची मला दरवर्षी धास्ती वाटायची. पाळकसाहेब म्हणायचे, "सर्व मातांनी उभं राहावं." बाकं करकरायची, साड्यांची सळसळ व्हायची, आणि पोरं बादलीकडे धावायची. बसून कोण राहिलं, हे नको असतानाही डोळ्यांना दिसायचं. ती वरच्या मजल्यावरची काकू बसलेली असायची. जिचा मुलगा रुळांवर गेला ती उभी राहू की नको अशा बेतात अर्धवट उठून पदर सावरत असायची. आपल्या गाड्यांनी किती घरांत हे करून ठेवलंय, ते या भागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. एके वर्षी तरुण संघातल्या एका चुणचुणीत पोरीने पाळकांच्या सूचनेची वाटच पाहिली नाही. ती बसलेल्यांपासून सुरुवात करत गेली. काकूंना फूल देताना म्हणाली, "पाढे चुकल्यावर कान कोणी पिळला माझा?" काकू हसल्या, मग रुमाल शोधू लागल्या. तेव्हापासून आमच्याकडे उभं राहायला सांगत नाहीत. फुलं सगळ्या बायकांना मिळतात. एक-दोन पंच कुरकुरले की अशाने दिवसाचा अर्थच राहत नाही. माझं मत उलट आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे.

हा दिवस जिच्यामुळे सुरू झाला तिलाही मूलबाळ नव्हतं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातलं ग्राफ्टन गाव, तिथलं अँड्र्यूज मेथडिस्ट चर्च, १० मे १९०८. अ‍ॅना जार्विसने आपल्या दिवंगत आईच्या आठवणीची उपासना तिथे भरवली आणि त्या मंडळीला पाचशे पांढरी कार्नेशन्स पाठवली. स्वतः मात्र ती त्या दिवशी फिलाडेल्फियात होती, तिथेही सभा होतीच. तिची आई अ‍ॅन रीव्ह्ज जार्विस त्याच चर्चमध्ये शब्बाथ शाळा घ्यायची. तिच्या पोटी डझनभर लेकरं जन्मली आणि त्यांतली चारच मोठी झाली. गोवर, घटसर्प, विषमज्वर. या बाईने गावोगावच्या आयांना एकत्र करून मंडळं काढली. दूध तपासायचं, औषधाला पैसे जमवायचे, आजारी घरात कामाला हात द्यायचा, असली कामं. यादवी युद्धात याच बायकांनी दोन्ही बाजूंच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. म्हणजे मातृदिनाच्या मुळाशी गेलेली लेकरं आहेत. १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी मेचा दुसरा रविवार जाहीर केला, फुलवाल्यांनी आणि मिठाईवाल्यांनी तो उचलला, आणि अ‍ॅना उरलेलं आयुष्य त्यांच्याशी भांडत राहिली. १९४८ मध्ये ती एका आरोग्यधामात वारली. आमच्या बादलीतल्या गुलाबांबद्दल तिने काय म्हटलं असतं, याचा विचार मी करत नाही.

पण फिलाडेल्फिया म्हटलं की कल्याणकर माणसाला दुसरंच नाव आठवतं. आनंदीबाई जोशी, जन्म कल्याणचा, ३१ मार्च १८६५. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. औषधपाणी धड मिळालं नाही, ही खंत घेऊन ती मुलगी समुद्रापार गेली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. वेस्ट व्हर्जिनियातली जार्विसबाई आणि कल्याणची आनंदी यांनी एकमेकींचं नावही ऐकलं नसेल, पण दोघींच्या कामाची सुरुवात रिकाम्या पाळण्यापासूनच झाली. आनंदीबाईंना अमेरिकेत घर दिलं ते रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी. दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असता एका मिशनरी मासिकात त्यांनी आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं पत्र वाचलं होतं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. धर्म बदलण्याचा आग्रह आनंदीबाईंना कमी झाला नाही. त्या हिंदूच राहिल्या, आणि मावशींची प्रीती तसूभर ढळली नाही. पदवीदानाला पंडिता रमाबाईही गेल्या होत्या. ख्रिस्ती झालेली ती तरुण विधवा, पदरात लहानगी मनोरमा. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या किती पोरी त्यांच्या लेकी झाल्या, आणि स्वतःची मनोरमा मात्र १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. आनंदीबाई तर परत आल्या त्या आजार घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी डोळे मिटले, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमीत पुरल्या गेल्या.

उपदेशात हे कधी येत नाही. उपदेश ठरलेला: नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय, सद्गुणी स्त्री. ती अंधार असतानाच उठते, घरच्यांना जेवू घालते, तिचा दिवा रात्री मालवत नाही. हे वाचलं जाताना पहाटेची लोकल पकडणाऱ्या बायका एकमेकींकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर पाळकांनी एकदा व्यासपीठावरून टिपायला हवी. त्याच अध्यायातली बाई स्वतः पाहून शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, व्यापार करते. तिथे मात्र उपदेश घाईत पुढे सरकतो. आणि मुळात ही सगळी वचनं लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेली. म्हणजे ही सून कशी असावी याची सासूने केलेली यादी आहे! हे मी एकदा चहाच्या वेळी बोललो, तर दोन सुना माझ्या बाजूने आल्या आणि एक सासू आजतागायत माझ्याशी मोजकंच बोलते.

मला विचाराल तर त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानातला वधस्तंभाजवळचा प्रसंग वाचावा. मरणाच्या घटकेला मुलगा आईला आपल्या शिष्याच्या हवाली करतो, आणि शिष्य तिला घरी घेऊन जातो. आमच्या चाळींतून हेच तर चाललेलं असायचं.

ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन चर्चमधल्या आमच्या कॅथलिक मित्रांना हा दुसऱ्या रविवारचा खटाटोप थोडा गमतीचा वाटतो. त्यांच्याकडे अख्खा मे महिनाच पवित्र मरियेचा, जपमाळेचा. शिवाय सप्टेंबरात बांद्र्याची मोत माउली आहेच, जिच्या जत्रेला आमच्या डोंबिवलीतून हिंदू शेजारणीसुद्धा नवस फेडायला जातात, मेणाची बाळं घेऊन.

शेवटचा आशीर्वाद होतो आणि हॉलमध्ये एकदम गलका उठतो. "सलाम बाई", "सलाम सिस्टर", "पोरगी कुठंय आता? पुण्याला का?" ठाणेकरांना परतीच्या गाडीची चिंता, तान्ह्यांना दुधाची. मागच्या खोलीचं दार उघडतं आणि कपाळावर घाम, खांद्यावर पंचा असे आमचे पंच पोह्यांच्या बश्या घेऊन रांगेने बाहेर येतात. पोह्यांत मीठ दोनदा पडलेलं असतं, कारण दोघांना वाटलेलं असतं की दुसऱ्याने टाकलं नाही. बायका काही न बोलता खातात. नंतर भांडी कोणी घासायची यावर मात्र मंडळीत अजून एकमत झालेलं नाही. गेल्या वर्षी महिला मंडळाने तो विषय कमिटीच्या सभेत लेखी मांडला, आणि सभा पुढच्या महिन्यावर ढकलली गेली.